शेवटची पाटी आणि फेरफार: जुन्या ब्रिटिश मालिकेचा मालक कसा शोधायचा

माझे वडील तलाठी होते. नोकरीची बहुतेक वर्षं जुन्नर तालुक्यात गेली. आमच्या ओट्यावर रोज कोणीतरी पिशवीतून जुने उतारे घेऊन बसलेलं असायचं आणि अण्णा प्रत्येकाला एकच सांगायचे, "नांगर कोणाचा चालतोय ते मला सांगू नका. फेरफार नंबर सांगा." मी मात्र माहितीपटांच्या धंद्यात आले. जुनं फुटेज शोधायचं आणि ते वापरायची परवानगी मिळवायची, हे माझं काम. अंधेरीत एका एडिट रूमच्या बाहेरच्या टेबलावर बसून दिवसभर ईमेल लिहायच्या. मी नक्की काय करते हे अण्णांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. खरं तर मी त्यांचंच काम करते, फक्त गट नंबरच्या जागी एपिसोड नंबर आला.

या धंद्यातली नवी मुलं मला नेहमी विचारतात की ब्रिटनमधल्या जुन्या मालिकेचा तुकडा हवाय, तर लिहायचं कोणाला? मालिका बीबीसीची असेल तर फारसं डोकं लावावं लागत नाही. आयटीव्ही या खासगी वाहिनीवरची असेल तर थांबा, कारण तिथे भाऊबंदकी आहे. ग्रॅनडा आणि कार्लटन या दोन घराण्यांनी दहा-बारा वर्षांत शेजारपाजारची बहुतेक शेतं घेतली आणि २००४ मध्ये आपसात एक झाली. ती फेरफाराची नोंदवही वाचता आली की दहातल्या आठ वेळा उत्तर मिळतं. ती कशी वाचायची तेच लिहिते.

आधी कॅसेट शेवटपर्यंत बघा

इंटरनेटवर मिळालेल्या तुकड्यावर विसंबू नका. टाकणाऱ्याने सुरुवातीचं आणि शेवटचं कापलेलं असतं आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं तिथेच असतं. पूर्ण प्रत मिळवा आणि नावं वर सरकून संपल्यावर दोन-तीन सेकंद कंपनीच्या नावाची आणि सालाची जी पाटी थांबते ती कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या. स्पेलिंगसकट.

साल बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतं. घाबरू नका. एम म्हणजे १०००, सीएम म्हणजे ९००, एल म्हणजे ५०, एक्स म्हणजे १०, व्ही म्हणजे ५. एम-सीएम-एल-एक्स-एक्स-व्ही-आय-आय दिसलं की १९७७. एकदा कॅसेट थांबवून धूसर चौकटीत मी एका एक्सला व्ही वाचलं होतं आणि सालात पाच वर्षांचा घोळ झाला. तेव्हापासून मी चौकटीचा फोटो काढून मोठा करून बघते.

माझ्याकडे या कामाचा पहिला साठा आला तो मामाकडून. मामा वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होता, पण गावात त्याला "लंडनचा मामा"च म्हणायचे. लंडन तिथून दोनशे किलोमीटर लांब आहे हे कोणाला सांगून उपयोग नव्हता. तो दर दोन वर्षांनी यायचा आणि चॉकलेटच्या डब्याखाली पाच-सहा व्हीएचएस कॅसेटी असायच्या. त्या आपल्याकडे चालायच्याही, कारण दोन्ही देशांत टीव्ही सिग्नलची एकच, पॅल पद्धत. अमेरिकेहून आलेल्या कॅसेटीची मात्र आमच्या व्हीसीआरवर नुसती खरखर आणि पट्टे.

त्या कॅसेटींनी मला पहिला धडा दिला. मामाच्या भागातली आयटीव्हीची कंपनी सेंट्रल. आधी तिचा रंगीबेरंगी गोळा फिरायचा, निवेदिका बोलायची आणि लगेच दुसरंच चिन्ह यायचं, उत्तरेकडे बाण दाखवणारं ग्रॅनडाचं. त्यामागे 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू. मला वाटायचं, कार्यक्रम सेंट्रलचा. तसं नव्हतं. सेंट्रल फक्त आपल्या भागात दाखवणारी होती, बनवणारी ग्रॅनडा. साधारण १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत आयटीव्हीवर हा रिवाज होता: देशभर जाणाऱ्या कार्यक्रमाच्या अगदी आधी बनवणाऱ्याचं चिन्ह. म्हणून कॅसेटवर दोन चिन्हं लागोपाठ दिसली तर दुसरं लिहून घ्या.

आयटीव्ही ही कंपनी नव्हती

हे डोक्यात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. १९५५ मध्ये सुरू झाल्यापासून २००४ पर्यंत आयटीव्ही म्हणजे एक वाहिनी होती, पण तिचा एक मालक नव्हता. देशाचे भाग पाडलेले, प्रत्येक भाग ठरावीक मुदतीसाठी एका कंपनीला दिलेला. लंडन तर दिवसांतही वाटलेलं: आठवडाभर एक कंपनी, शनिवार-रविवारला दुसरी. देणारं सरकारी नियामक मंडळ. त्याचं नाव बदलत गेलं, आयटीए, मग आयबीए, १९९१ पासून आयटीसी, आणि शेवटी ऑफकॉम. (आयटीसी नावाने फसू नका. त्याच नावाची एक जुनी कार्यक्रम-निर्मिती कंपनी होती, ल्यू ग्रेडची. आणि आपली सिगारेटवाली वेगळी. माझ्या फोल्डरांत तिन्ही आहेत.)

अण्णांच्या भाषेत सांगायचं तर जमीन मंडळाची, कंपनी म्हणजे मुदतीचं कूळ. त्या जमिनीवर उभं राहून कंपनीने जे कार्यक्रम बनवले ती मात्र तिच्या घरातली भांडी. कूळ उठलं तर जमीन नव्या कुळाला मिळते. भांडी जुनं कूळ गाडीत घालून घेऊन जातं.

हे मला माहीत नव्हतं आणि त्यापायी एका कामाचे पाच आठवडे गेले. ब्रिटिश टीव्हीवरच्या भारतीय नटांवरचा माहितीपट होता, बावीस सेकंदांचा तुकडा हवा होता, पाटीवर थेम्स टेलिव्हिजन, साल १९७९. मी हिशेब केला: लंडनमध्ये थेम्सच्या जागी कार्लटन आली, कार्लटन पुढे आयटीव्हीत गेली, म्हणजे मालक आयटीव्ही. ईमेल पाठवली, स्मरणपत्र पाठवलं, पुन्हा पाठवलं. शेवटी एका भल्या बाईचं दोन ओळींचं उत्तर आलं की हे आमचं नाही, कधीच नव्हतं. दिग्दर्शकाने तोवर तो प्रसंगच कापून टाकला होता.

थेम्सचा परवाना गेला, पण कंपनी आणि तिचा साठा शाबूत होता. १९९३ मध्ये पिअर्सनने थेम्स विकत घेतली, पिअर्सनचा टीव्हीचा धंदा २००० मध्ये आरटीएल गटात गेला आणि आज तो साठा फ्रीमँटल सांभाळते. त्याच्याही मागे एक पायरी आहे. थेम्स १९६८ मध्ये एबीसी आणि रेडिफ्यूजन या दोन कंपन्यांना मंडळाने एकत्र आणल्यामुळे जन्मली. म्हणून १९६८ च्या आधीची एबीसीची मालिका थेम्सकडे शोधू नका. एबीसीची 'द अ‍ॅव्हेंजर्स' ही मालिका आज स्टुडिओकॅनालकडे आहे.

ग्रॅनडाचं घराणं

वंशावळीत एक तरी घराणं नीट माहीत असावं. मी ग्रॅनडा निवडते, कारण शेवटी जिंकली ती.

सिडनी बर्नस्टीन मूळचा चित्रपटगृहांचा माणूस. बाप अलेक्झांडरचाही तोच धंदा. सिडनीला स्पेनमधलं ग्रॅनडा शहर आवडलं होतं, ते नाव त्याने थिएटरांना दिलं. लंडनच्या टूटिंगमधलं ग्रॅनडा थिएटर १९३१ चं, आतून एखाद्या चर्चसारखं नक्षीदार. पुढे तिथे बिंगो आला, इमारत मात्र राष्ट्रीय वारसा म्हणून जपली गेली. टीव्हीचा परवाना आला तेव्हा बर्नस्टीनने उत्तर इंग्लंड मागून घेतलं. लोकवस्तीचा नकाशा आणि पावसाचा नकाशा शेजारी ठेवले आणि जिथे दाट वस्ती आणि भरपूर पाऊस, तिथले लोक घरात बसून टीव्ही बघणार, असं त्याने ठरवलं, हा किस्सा त्या धंद्यात सगळे सांगतात. सुरुवात ३ मे १९५६ ला, मँचेस्टरच्या क्वे स्ट्रीटवरून. स्टुडिओंना नंबर दिले ते फक्त सम: २, ४, ६, ८, १२. म्हणजे पाहुण्याला वाटावं की निम्मे अजून बघायचेच आहेत. आमच्या मार्केट यार्डात एक गाळेवाला होता, पावतीपुस्तक कायम पाचशे एकपासून सुरू करायचा. त्याची आठवण येते.

'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. १९८४ ची 'द ज्वेल इन द क्राउन' ग्रॅनडाचीच. तिच्यासाठी अर्ध्या भारतात चित्रीकरण झालं, सईद जाफरी, झोहरा सेहगल, आर्ट मलिक होते. मधेच मँचेस्टरच्या गोदामाला आग लागून पोशाख आणि सेट जळाले, तरी चौदा भाग पूर्ण केले. जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्सही ग्रॅनडाचा. १९८० च्या दशकातल्या भारतीय विषयावर कोणी काम करत असेल तर कधी ना कधी ग्रॅनडाच्या दारात यावंच लागतं.

पण ग्रॅनडा नुसती टीव्ही कंपनी नव्हती. टीव्ही संच भाड्याने देण्याची दुकानं होती, महामार्गावरचे थांबे होते. या दुसऱ्या पोटातून तिचं पुढचं रूप आलं. १९९१ मध्ये केटरिंगच्या धंद्यातून जेरी रॉबिन्सन मुख्य अधिकारी म्हणून आला, खर्चाला कात्री लावली आणि पुढच्या वर्षी टीव्हीचा जुना जाणता प्रमुख डेव्हिड प्लाउराइट बाहेर पडला. विनोदी नट जॉन क्लीझने चिडून रॉबिन्सनला फॅक्स पाठवला आणि त्यात "उपटसुंभ केटरर" अशा अर्थाची शिवी घातली. कलेच्या दृष्टीने क्लीझ बरोबर असेल, मला ते ठरवता येत नाही. पण पुढची सगळी खरेदी याच केटररने केली.

१९९१: एक तारीख पाठ करा

१६ ऑक्टोबर १९९१. वंशावळीतल्या सगळ्या गोंधळाचं मूळ या दिवशी आहे.

थॅचर सरकारने १९९० च्या कायद्याने आयटीव्हीचे परवाने बोलीवर काढले. बंद पाकिटात वर्षाची रक्कम लिहायची. दर्जाची चाळणी पार केलेल्यांतली मोठी बोली जिंकणार. निकाल फॅक्सने आले. लंडनच्या आठवड्याच्या दिवसांसाठी थेम्सने सुमारे ३ कोटी २८ लाख पौंड लिहिले, कार्लटनने ४ कोटी ३१ लाख ७० हजार. थेम्स गेली. ३१ डिसेंबर १९९२ च्या रात्री तिचा पडदा पडला आणि नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटाला कार्लटन.

गंमत बघा. ग्रॅनडाने फक्त ९० लाखांची बोली लावली, समोरच्याची साडेतीन कोटींच्या आसपास होती. तरी ग्रॅनडा टिकली, कारण समोरचा दर्जाच्या चाळणीत अडकला. लंडन वीकेंड टेलिव्हिजन, म्हणजे एलडब्ल्यूटी, तिचंही तेच. आणि मामाची सेंट्रल? तिच्या विरोधात कोणी उभंच राहिलं नाही. बर्मिंगहॅमसकट सगळा मध्य इंग्लंड वर्षाला २००० पौंडांत. मामाचं घराचं भाडं याहून जास्त होतं, हे तो हसून हसून सांगायचा. (वर जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिस्सा द्यावा लागायचा, पण ते तो सांगायचा नाही.)

कार्लटनचा मालक मायकेल ग्रीन. छपाई-स्टेशनरीतून वर आलेला, १९८३ मध्ये कार्लटन कम्युनिकेशन्स उभी केली, १९८८ मध्ये अमेरिकेतली टेक्निकलर घेतली. १९८५ मध्ये त्याने थेम्स विकत घ्यायचा प्रयत्न केला होता आणि मंडळाने तो हाणून पाडला होता. सहा वर्षांनी त्याने थेम्सची जागाच घेतली. तुमच्या शोधासाठी कामाची गोष्ट ही की कार्लटन लंडनमध्ये स्वतः फारसं बनवत नव्हती, बाहेरच्या निर्मात्यांकडून करून घ्यायची. त्यामुळे पाटीवर कार्लटन दिसलं की शेजारी आणखी कोणाचं नाव आहे का ते बघा. "अमुक, कार्लटनसाठी" असं असेल तर आधी त्या अमुकला गाठा. मराठीत आपण "साठी" हा शब्द सहज बोलून जातो. या धंद्यात त्या शब्दावर घर चालतं.

फेरफार नोंदी

आता नोंदवही. ही मी भिंतीवर चिकटवून ठेवली आहे, अण्णांच्या जुन्या फेरफार पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून.

१९९४ पर्यंत दोन मोठे परवाने एका हातात ठेवता येत नव्हते. १९९३ च्या शेवटी सरकारने तो बांध काढायचं ठरवलं आणि १९९४ मध्ये कार्लटनने सेंट्रल घेतली. त्याच सुमारास ग्रॅनडाने एलडब्ल्यूटीवर चाल केली, त्यांच्या मर्जीविरुद्ध. सुमारे ७७ कोटी पौंडांना ती पडली आणि तिचा प्रमुख ग्रेग डाइक निघून गेला. १९९६ मध्ये ग्रॅनडाने फोर्टे हा हॉटेलांचा गट सुमारे ३९० कोटींना घेतला. त्याचा आपल्याशी संबंध नाही, फक्त हात किती लांब होते ते कळावं म्हणून लिहिते. त्याच वर्षी कार्लटनकडे वेस्टकंट्री आली. १९९७ मध्ये ग्रॅनडाकडे यॉर्कशायर आणि टाइन टीज, ही दोन आधीच एक झालेली होती.

२००० ची नोंद सगळ्यात गुंतागुंतीची. युनायटेड नावाच्या तिसऱ्या घराण्याकडे मेरिडियन, अँग्लिया आणि वेल्सची एचटीव्ही होत्या. आधी युनायटेड आणि कार्लटन यांचं लग्न ठरलं होतं. ग्रॅनडाने मधे पडून ते मोडलं आणि युनायटेडच्या आयटीव्ही कंपन्या १७५ कोटींना स्वतः घेतल्या. पण प्रेक्षकसंख्येची मर्यादा आड आली, म्हणून एचटीव्हीचा परवाना कार्लटनकडे गेला. तुमच्या हातातला कार्यक्रम एचटीव्हीचा असेल तर मधला प्रवास लिहीत बसू नका, शेवटी दोन्ही वाटा एकाच घरात जातात.

नाव आणि मालक यांचा मेळ नेहमी बसत नाही, हेही बघा. १९९९ मध्ये कार्लटनने पडद्यावरून सेंट्रलचं नावच उतरवलं. मामा फोनवर म्हणाला, "अगं, आमचं सेंट्रल गेलं." ते जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता उलटी बाजू. ज्या कार्लटनने स्वतः कमी बनवलं, तिने दुसऱ्यांचा साठा मात्र भरपूर जमवला. १९९७ मध्ये रँक या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा साठा, १९९९ मध्ये ल्यू ग्रेडच्या त्या आयटीसीचा. म्हणून रँकचा जुना चित्रपट किंवा आयटीसीची 'थंडरबर्ड्स' मालिका हवी असेल तर आज आयटीव्हीच्याच दारात जावं लागतं. टीव्हीवाल्या कंपनीच्या वंशावळीत चित्रपट कसे आले हे न कळल्यामुळे लोक चकतात.

दोघं एक का झाले

यावर पानंच्या पानं लिहिता येतील, तुम्हाला थोडक्यात पुरेल. नोव्हेंबर १९९८ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटनने मिळून ऑनडिजिटल काढलं. छतावरच्या साध्या अँटेनावर चालणारी पैसे भरून बघायची सेवा. समोर स्पर्धेत मर्डॉकची उपग्रह टीव्ही सेवा, स्काय. सिग्नल कमजोर, बनावट कार्डं, ग्राहक येईनात. त्यात फुटबॉल लीगशी तीन वर्षांसाठी ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला, खालच्या श्रेणीतल्या सामन्यांसाठी. २००१ मध्ये नाव बदलून आयटीव्ही डिजिटल केलं, मार्च २००२ मध्ये दिवाळं निघालं. लीगने दोन्ही मालकांवर दावा लावला तेव्हा कोर्टात दिसलं की मालक कंपन्यांनी सही केलेली हमी लीगकडे नव्हतीच. लहान क्लबांचे हाल झाले. अण्णा असते तर एवढंच विचारलं असतं, "जामीनदाराची सही घेतली नव्हती का?"

या खड्ड्यात एक अब्ज पौंडांहून जास्त गेले आणि त्यानंतर दोघांना वेगळं राहणं परवडेना. ऑक्टोबर २००२ मध्ये २६० कोटींचं विलीनीकरण जाहीर झालं. एकत्र आल्यावर ब्रिटनच्या टीव्ही जाहिरातींचा निम्म्याहून जास्त बाजार त्यांच्याकडे जाणार म्हणून स्पर्धा आयोगाने तपासलं आणि जाहिरातदारांना जुन्या अटींवर करार पुढे चालू ठेवण्याचा हक्क देऊन, ऑक्टोबर २००३ मध्ये मंजुरी मिळाली. ठरलं होतं की ग्रीन अध्यक्ष आणि ग्रॅनडाचा चार्ल्स अ‍ॅलन मुख्य अधिकारी. मंजुरीनंतर काही दिवसांतच फिडेलिटी या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने भागधारकांनी ग्रीनला बाजूला केलं. २ फेब्रुवारी २००४ ला आयटीव्ही पीएलसी जन्मली, ६८ टक्के ग्रॅनडाच्या भागधारकांची, ३२ टक्के कार्लटनच्या. विलीनीकरण हा कागदावरचा शब्द. हिश्श्यांची टक्केवारी वाचली की कोणी कोणाला घेतलं ते कळतं. ही सवय कुठल्याही कंपनीच्या बाबतीत लावून घ्या.

त्यानंतरचं लहान आहे. चॅनल आयलंड्सची कंपनी २०११ मध्ये आली, उत्तर आयर्लंडची यूटीव्ही २०१६ मध्ये. स्कॉटलंडमधली एसटीव्ही अजून वेगळी आहे, तिला वेगळं लिहा. पाटीवर २००६ नंतर "आयटीव्ही प्रॉडक्शन्स" आणि २००९ नंतर "आयटीव्ही स्टुडिओज" दिसतं, दोन्ही एकच.

दोन उदाहरणं करून दाखवते

'माइंड युवर लँग्वेज' घ्या. आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, दूरदर्शनवरची 'जबान संभालके' तिच्यावरूनच बेतलेली. सरदार रणजीत सिंग आणि जमीला ज्या वर्गात बसतात ती मालिका. पाटी बघा: लंडन वीकेंड टेलिव्हिजन, १९७७ ते १९७९, एकूण २९ भाग. आता नोंदवही: एलडब्ल्यूटी १९९४ मध्ये ग्रॅनडाकडे, ग्रॅनडा २००४ मध्ये आयटीव्ही पीएलसीत. लिहायचं आयटीव्हीला. सोपं. पण तुमच्याकडचा भाग १९८६ चा असेल तर हात आखडा. ते तेरा भाग एलडब्ल्यूटीने बनवलेच नाहीत, स्वतंत्र निर्मात्यांनी बाहेरच्या देशांसाठी काढले. वर्ग तोच वाटतो, काही चेहरेही तेच. पाटी वेगळी. म्हणून सांगते, शेवटपर्यंत बघा.

दुसरं 'मिस्टर बीन'. सुरुवातीच्या भागांवर थेम्स, १९९२ नंतरच्या भागांवर सेंट्रल. या एका मालिकेत १९९१ ची लिलावाची गोष्ट पाट्यांतून दिसते. मग अर्धं फ्रीमँटलकडे आणि अर्धं आयटीव्हीकडे? नाही. दोन्हीकडे निर्माता म्हणून टायगरचं नाव आहे, थेम्स आणि सेंट्रल "साठी". टायगर पुढे टायगर अ‍ॅस्पेक्ट झाली आणि आज बनिजे गटात आहे. तिकडे लिहा.

कागद कुठे बघायचा

ब्रिटनची कंपनी नोंदणी, कंपनीज हाउस, तिच्या संकेतस्थळावर कोणीही फुकट शोधू शकतं. कंपनीचं नाव टाका, पानावर "पूर्वीची नावं" असा तक्ता येतो, तारखांसकट. हाच आपला फेरफार. आपल्या तलाठी कार्यालयात चकरा मारून जे मिळायचं ते तिथे चहा निवायच्या आत मिळतं. जुनी दप्तरं स्कॅन करून ठेवलेली आहेत, ती उतरवून घ्या. ग्रॅनडा-कार्लटनबद्दल स्पर्धा आयोगाचा २००३ चा अहवालही जाहीर आहे. कोणता परवाना कोणाकडे, ते त्यात नीट मांडलंय.

मालक ठरला की ईमेल छोटी ठेवा. मालिकेचं नाव, भागाचं नाव किंवा क्रमांक, पहिल्यांदा दाखवल्याची तारीख, हवा असलेला तुकडा मिनिट-सेकंदासह "पासून-पर्यंत", कुठल्या देशांत आणि किती वर्षांसाठी वापरणार, आणि पाटीचा फोटो. फोटो जोडलेल्या ईमेलला उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव. चित्राची परवानगी मिळाली तरी मागे वाजणाऱ्या संगीताची आणि दिसणाऱ्या नटांची वेगळी लागते. ते मालकालाच विचारा, कधी कधी त्यांच्याकडे यादी असते.

आणि घरात मामाच्या कॅसेटी असतील तर प्लेअरमध्ये घालण्याआधी खिडकीतून आत डोकवा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर घालू नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. माझ्याकडे एक आहे, पाठीवर मामाच्या अक्षरात "३१ डिसें. ९२, बारापर्यंत", त्या ख्रिसमसला तो लंडनमध्ये मित्राकडे होता. तिला बुरशी आहे. ठाण्यात एकजण हाताने फीत उलगडून साफ करून देतो, पुढच्या गुरुवारी त्याच्याकडे नेतेय.